खरपुडीला चिलटं लागतात

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती सकाळी साडेनऊला बसले. आरती संपते न संपते तोच मंगल अंगणातून ओरडली, "आवं, या की भाईर! खरपुडी फुलली!" हातातलं तबक तसंच ठेवून धावलो. देव माफ करील, तो घरचाच आहे.

खरपुडी म्हणजे मंगलच्या माहेरच्या डोंगरातला एक नाजूक वेल. मेढ्याच्या वरच्या अंगाला उतारावर उगवतो. पुस्तकात त्याला कंदीलपुष्प म्हणतात, कारण फूल कंदिलासारखं बंद असतं आणि बाजूला तेवढ्या खिडक्या. लहानपणी गुरं राखताना मंगल आणि तिचा भाऊ बाळासो त्याचे कंद उकरून तिथंच खायचे. मागच्या वर्षी रस्ता रुंद करायला त्या उतारावर जेसीबी चढला. बाळासोनं मातीच्या ढिगातून तीन कंद वाचवले आणि साताऱ्याला आमच्याकडं आणून दिले. त्यातला एक मंगलनं पदराला पुसून माझ्यादेखत कच्चाच खाल्ला. "तसाच लागतोय," म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी. उरलेले दोन कुंड्यांत लावले.

मागच्या वर्षी फुलं आली आणि गळून गेली. शेंग एकही धरली नाही. शेंग नाही तर बी नाही. मंगलला त्या डोंगरावर परत पेरायला मूठभर बी हवंय. "त्या डोंगरानं मला लय खाऊ घातलंय. कायतरी परत द्याया नगं?"

रिटायर होऊन अठरा वर्षं झाली, पण फौजेच्या सिग्नलमधला सुभेदार आहे मी. लॉगबुकाची सवय सुटत नाही. आजपासून खरपुडीचं सगळं वेळेसकट इथं लिहिणार.

३० ऑगस्ट, शनिवार

संयोगिता गणपतीला येऊन गेली. माझ्या पलटणीतल्या दोस्ताची मुलगी, इथं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला कुंडी दाखवली. ती म्हणाली, "काका, शेंग कशी धरणार? खरपुडीला चिलटं लागतात."

म्हटलं, चिलटं? डोळ्यांपुढं घोंघावतात ती?

"त्यांचीच भावकी. काळी, बारीक. कोळी जाळ्यात किडा धरतो ना, त्या किड्याच्या अंगातून रस पाझरतो. तो प्यायला ही चिलटं येतात. काही खरपुड्या तसाच वास सोडतात. चिलट फसतं आणि फुलात उतरतं. आत खाली वळलेले केस असतात, परत वर येता येत नाही. दुसऱ्या दिवशी फूल वाकतं, केस सुकतात आणि चिलट सुटतं. जाताना तोंडाला पिवळे पराग चिकटवून जातं. ते दुसऱ्या फुलात अडकलं, की शेंग."

म्हणजे फौजेतली एक दिवसाची कोठडी, क्वार्टर गार्ड. मला हे फार आवडलं. मग तिनं वर बघत विचारलं, "तुमच्याकडं कोळी आहेत का?"

कोळी! आमच्या घरात कोळी शुक्रवारी जाळं बांधायला घेतो आणि शनिवारी बेघर होतो. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, दर शनिवारी मंगल बांबूला केरसुणी बांधून घराची जळमटं काढते. आजही काढली, पाहुणीसमोर. मी व्हरांड्याचा एक कोपरा मागितला तर म्हणाली, "सुभेदार, एक तर कोळी पाळा न्हाईतर बायको."

२ सप्टेंबर, मंगळवार

कोळी नाही तर नाही, चिलटं स्वतः वाढवू. संयोगितानं फोनवर सांगितलं की यांच्या अळ्या सडक्या भाजीत, शेणात वाढतात. शेजारच्या बनुबाईकडून म्हशीचं शेण आणलं, काकडीची सालं घातली आणि बरणी व्हरांड्यात उघडी ठेवली. संध्याकाळपर्यंत चिलटांची जत्रा. पाच वाजता भिंगातून अंडी दिसली. सुईच्या टोकाएवढी, पांढरी, लांबट. वरून मलमलीचं फडकं बांधलं.

मंगलनं बरणी फिरवून पाहिली. मग म्हणाली, "लोणच्याची बरणी हुती ती."

६ सप्टेंबर, शनिवार

अळ्या कालच दिसल्या. पांढऱ्या, बिनपायाच्या, डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं कळत नाही. सकाळी ७.१५ ला मोजल्या, एकवीस. खाण्याखेरीज दुसरं काम नाही. पलटणीच्या लंगरात, जेवणघरात, असे काहीजण होते.

आज अनंत चतुर्दशी. मंगल दरवर्षी गणपतीबरोबर तळ्यापर्यंत चालत जाते. यंदा फाटकातूनच हात जोडले. "गर्दी लय हाय," म्हणाली. खरं आहे, डीजेनं भिंती हलत होत्या.

जळमटं काढायला घेतली, पण आतली खोली झाली आणि केरसुणी ठेवून दिली. व्हरांडा तसाच! विचारलं तर, "ऱ्हाऊ द्या तुमच्या कोळ्यांना." पाघळली बाई अखेर.

९ सप्टेंबर, मंगळवार

अळ्या दुप्पट लांब झाल्या. वेलाला अकरा कळ्या.

मंगलनं आज चहा मला करायला लावला. डावा हात भरून येतोय म्हणे. कपडे पिळून पिळून येणारच. मी केलेला चहा तिनं निमूटपणे प्यायला, एकही नाव न ठेवता. हेही लॉगमध्ये असावं.

१३ सप्टेंबर, शनिवार

आजची मोठी बातमी. शनिवार असून जळमटं अजिबात काढली नाहीत! व्हरांड्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात कोळ्यानं वीतभर जाळं बांधलंय. मी त्याला सलाम ठोकला. मंगल उंबऱ्यावर बसून हसत होती.

अळ्या खायची थांबल्या. कोरड्या कडेला येऊन आखडल्या आणि तपकिरी झाल्या, राळ्याच्या दाण्यासारख्या. आत चिलट तयार होतंय. बाहेरून मात्र काही म्हणजे काही दिसत नाही.

गच्चीवर मिरच्या वाळत घालायला मंगल निघाली, पण निम्म्या जिन्यातून परत आली. विसरले म्हणाली काहीतरी. मग मिरच्या मीच घातल्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी ८.०५. कोळ्यानं हिरवा, उग्र वासाचा ढेकण्या किडा धरला. ८.१० ला पहिलं चिलट आलं, ८.२० पर्यंत सात. कोळी जेवतोय आणि ही त्याच्या ताटात तोंड घालतायत, तो बिचारा काही बोलत नाही.

भिंगातून नीट पाहिली. मोहरीपेक्षा थोडी लांब. अंग काळं, घासलेल्या बुटासारखं चकचकीत. डोळे तांबूस, डोक्याच्या मानानं केवढे मोठे. पंख पारदर्शक, पाठीवर एकावर एक घडी घातलेले. असलं देखणं चिलट आयुष्यभर आपण हातानं वारून टाकतो, याची मला लाज वाटली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मंगल येऊन माझ्या शेजारी कट्ट्यावर बसली. ८.१० ते ८.५०, चाळीस मिनिटं. ही बाई एका जागी चाळीस मिनिटं बसलेली मी कधी पाहिली नाही, लग्नाच्या फोटोलासुद्धा. भिंग घेऊन विचारलं, "ह्या बाया का बापय?" संयोगिता म्हणाली होती, बहुतेक माद्याच असतात. तसं सांगितलं. "तरीच," म्हणाली. "बसायला जागा न्हाई, उभ्या उभ्याच जेवत्यात."

मधेच जबडा चोळत होती. दाढ असेल. लवंग आणून दिली. मला आज फार बरं वाटतंय. इतक्या वर्षांनी तिला माझ्या कामात गोडी वाटली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी पावणेबाराला बरणीत पहिलं चिलट बाहेर आलं! ओलं, फिकट, पंख चुरगळलेले. अर्ध्या तासात काळं झालं आणि पंख ताठ. अंड्यापासून सतरा दिवस. संध्याकाळपर्यंत नऊ. संयोगिता येऊन बघून गेली. ही त्याच कुळातली वाटतायत, पण खात्री भिंगानं होत नाही म्हणाली. खात्री खरपुडी करील.

सोमवारी घट बसायचे. गल्लीत सगळ्यांच्या वाकळा, चादरी, सतरंज्या धुऊन वाळत पडल्यात. डबे, हंडे, फळ्या सगळं अंगणात. फक्त आमचं अंगण मोकळं. मंगलनं यंदा काही काढलंच नाही. "ऱ्हाऊ दे ह्या वर्साला. झाडलोट केली तर तुमच्या चिलटांचं घर मोडंल."

एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा घटाची धुणी नाहीत, आणि तीही माझ्यासाठी! मी तर हवेत आहे. बनुबाईनं कुंपणावरून विचारलं, "सुभेदारीणबाई बऱ्या हायत न्हवं?" तिला सगळं समजावून सांगितलं, कोळी, जाळं, चिलटं, फूल. ती माझ्याकडं बघतच राहिली. अडाणी बाई, तिला काय कळणार.

२१ सप्टेंबर, रविवार

काल सकाळी चिलटं सोडली. आज ९.२० ला एक फुलाच्या खिडकीतून आत गेलं. मग आणखी दोन. फूल उन्हात धरलं की आत सावल्या हलताना दिसतात. मंगलला हाक मारली. तिला यायला वेळ लागला. बघून म्हणाली, "अडकली वं बिचारी."

म्हटलं, उद्या सुटतील की.

"आत असताना त्यांला कुठं ठावं, सुटनार हाय ते."

२४ सप्टेंबर, बुधवार. सांगली

दोन दिवस लिहिलं नाही. आता हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय.

सोमवारी सकाळी ७.४० ला मंगल घटासाठी माती चाळत होती. "जरा पानी द्या," म्हणाली. पाणी घेऊन आलो तर भिंतीला टेकून बसली होती, घामानं न्हालेली, तोंड मातीच्या रंगाचं. मला वाटलं उपास लागला. आमची रेश्मा सांगलीला नर्स आहे, तिला फोन केला. तिनं आईचा आवाज ऐकला आणि मला म्हणाली, "आबा, एक शब्द बोलू नका. आधी १०८ ला फोन करा." साताऱ्याच्या डॉक्टरांनी सावरलं, म्हणाले हृदयाचा मोठा झटका आहे. संध्याकाळी पुढच्या इलाजाला रेश्माच्या हॉस्पिटलात आणलं. काल अँजिओप्लास्टी झाली. दोन नळ्या बंद होत्या.

पुढचं लिहू नये असं वाटतंय, पण लॉग म्हणजे लॉग.

काल आत नेण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही त्रास होता? दम लागणं, हात दुखणं, थकवा?" मी छाती काढून सांगितलं, "काही नाही साहेब. ठणठणीत होती." रेश्मा म्हणाली, "आबा, नीट आठवा." मी काय आठवणार. पिशवीत ही वही होती, सवयीनं टाकलेली. ती उघडली.

सहा तारीख, तळ्यापर्यंत चालली नाही. नऊ, डावा हात भरून येतोय. तेरा, निम्म्या जिन्यातून परत. सोळा, जबडा चोळत होती. एकोणीस, घटाची धुणी नाहीत. मी वाचत होतो आणि डॉक्टर लिहून घेत होते. तारखा सगळ्या बरोबर होत्या. वेळासुद्धा. डॉक्टर एकदा थांबले, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, "एवढं बारकाईनं कुणी सांगत नाही हो." त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं. मला तिथंच जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. भिंग घेऊन मी मोहरीएवढ्या जिवाचे डोळे कुठल्या रंगाचे ते पाहत होतो, आणि माझ्या शेजारी मंगल बसली होती. गोडी वाटली म्हणे. तिला उभं राहवत नव्हतं. शेण देणाऱ्या बनुबाईला जे एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नाही, आणि वर मी तिला अडाणी लिहून ठेवलं. खोडणार नाही. असू दे तसंच.

२७ सप्टेंबर, शनिवार

मंगलला वॉर्डात आणलं. बोलते, पण हळू. मी ठरवलं होतं काही विचारायचं नाही. तरी तोंडातून गेलंच, "का नाही सांगितलंस?"

तिनं चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "सांगनार हुते. घट बसू द्या म्हनलं."

"घट महत्त्वाचे का तू?"

"तसं न्हवं." जरा दम खाल्ला. "तुमी रिटायर झाल्यापास्नं नुसतं भांडत हुता. पेपरवाल्याशी, पान्यावाल्याशी, टीव्हीतल्या मान्सांशी बी. यंदा हसत हुता. सकाळी उठून मला हाक मारत हुता, ये बघ, ये बघ म्हनून. दवाखाना निघाला असता की समदं मोडलं असतं. मला वाटलं, आनि चार दिस जाऊ द्यावं."

मी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. कारगिलच्या वेळी वर होतो. वॉर्डात सहा बायका आणि त्यांचे नातेवाईक होते, त्या सगळ्यांसमोर मी रडलो. मंगल म्हणाली, "आवं गप की, लोकं म्हनतील मी मेले."

६ ऑक्टोबर, सोमवार

मंगलला परवा सोडलं. रेश्माकडंच आहोत. महिनाभर जिने नाहीत, ओझं नाही, लांबचा प्रवास नाही. डॉक्टरांनी मंगलला बजावलंय, काही वाटलं की लगेच बोलायचं, लपवलं तर पुढच्या वेळी आम्ही काही करू शकणार नाही. ती मान डोलावते. मग सकाळी विचारलं की एकच उत्तर, "काय न्हाई, बरी हाय." आजारपणाआधीही हेच म्हणायची, याच आवाजात. मला आता तिच्या "बरी हाय"ची भीती वाटते. जेवताना बघतो, झोपल्यावर श्वास बघतो. पण पाहून मला किती कळतं ते सिद्ध झालंच आहे. तिनं सांगितल्याशिवाय मला कळणार नाही, आणि ती सांगत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

संयोगितानं फोटो पाठवला. खरपुडीला शेंगा धरल्या! एका देठाला दोन, हिरव्या, बारीक, बैलाच्या शिंगांसारख्या फाकलेल्या. पिकून फुटायला अजून बराच अवधी आहे म्हणाली, भाऊबीजेला काही मिळायचं नाही.

मंगलनं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. खूप वेळ. "धरली की वं," म्हणाली. मग, "तुमी जावा साताऱ्याला. पानी कोन घालतंय?"

"बनुबाई घालते."

"तिला काय कळतंय. तुमी लावलेलं हाय समदं, डोळ्यांनी बघून या. माझं काय, मी बरी हाय."

मी जाणार नाही म्हणालो. ती रागावली. रागावू दे. शेंगा माझ्यावाचून पिकतील.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. यंदा भाऊच बहिणीकडं आला. बाळासो मेढ्याहून बस बदलत बदलत सांगलीला पोचला, पिशवीत नाचणीचं पीठ आणि मध. ओवाळून झालं तशी मंगल लगेच खुर्चीत टेकली. बाळासोनं विचारलं, "बरी हायस नव्हं, आक्का?"

"मला काय झालंय?" मंगल म्हणाली.

बाळासो गेल्यावर मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मनात आलं, ही अशीच जाईल एक दिवस, मला काय झालंय म्हणत, आणि मी पुन्हा वही उघडून डॉक्टरांना वाचून दाखवीन.

मग आत आलो आणि तिला तेच सांगितलं, जसंच्या तसं. म्हटलं, मंगल, मला दिसत नाही गं. तू सांगितलं नाहीस तर मला दिसणार नाही. एवढंच म्हणालो. ती तबकातली निरांजनं पुसत बसली.

२६ ऑक्टोबर, रविवार

दुपारी ४.२०. रेश्मा ड्यूटीवर, जावई बाहेर. मी पेपर वाचत होतो. पलंगावरून हाक आली, "आवं."

"काय गं?"

तिनं पांघरूण बाजूला सारलं. आणि मग म्हणाली, "पाय दुखत्यात."

पेपर टाकून उठलो आणि पायाशी बसून पाय दाबायला घेतले. तिनं पाय ओढून घेतला. "आवं काय करताय ह्ये! पोरगी यिऊन बघंल. शोभतं का?" मी पाय सोडला नाही. टाच भेगाळलेली, घोटा सुजलेला. या पायांकडं मी एकेचाळीस वर्षांत कधी पाहिलं होतं, आठवत नाही. रेश्माला फोन करून सूज सांगितली. ती म्हणाली काळजीचं नाही, येताना डॉक्टरांना विचारते.

"आणखी कुठं दुखतं?" मी विचारलं.

"कंबार."

"आणखी?"

"हसनार न्हाई न्हवं?" मग डोळे मिटून सांगायला लागली. डावा गुडघा, रेश्मा पोटात असताना विहिरीवर घसरली तेव्हापासूनचा. उजवा खांदा, माझ्या आईच्या हाताखाली पाट्यावर वाटून वाटून गेलेला. मी सरहद्दीवर असताना एकदा सहा महिने पत्र आलं नाही, तेव्हापासून रात्री डोकं ठणकतं ते. उभं राहिलं की पाठीत येणारी कळ. आणि एक दुखणं कुठं ते तिला नीट दाखवता येईना, ती छातीवरून हात फिरवत म्हणाली, हितं न्हाई, जरा आत, पर ते आजचं न्हाई, तुमी पयल्यांदा रजा संपवून गेला तवाचं हाय.

चहा केला होता, तो गार झाला. मंगल सांगतच होती.